हत्तीखालची पट्टी

ज्योत्स्ना : हळू बोला, हितेंद्रभाऊ. मधलं दार लागत नाही आमचं.

हितेंद्र : बरं, हळू बोलतो. पण वहिनी, चुकलं काय ते तर सांगा. फोनवर तुम्ही नुसतं 'या, लगेच या'. मला वाटलं, केबलचा बॉक्स जळाला.

ज्योत्स्ना : जळाला असता तर बरं झालं असतं. टीव्हीवर खाली पळते ती पट्टी कोणी टाकली?

हितेंद्र : झिपरू आबांची? मीच टाकली. पिंपळनेरहून प्रेमराजचा फोन आला. म्हणाला, वडील गेले, धुळ्यात नातलग पुष्कळ आहेत, सुतक फिटायची गंधमुक्ती कधी ते सगळ्यांना कळू दे. टाकली.

ज्योत्स्ना : तुमच्या लोकल चॅनेलवर टाकायची ना. गेलेल्या माणसांच्या पट्ट्या तिथेच असतात.

हितेंद्र : तिथे तर टाकलीच. पण आपल्या इंदिराअक्कांचा सख्खा भाऊ. म्हटलं, गल्लीचा पाहुणा आहे, मानाने जाऊ दे. कालपासून बठ्ठ्या चॅनेलला लावली. बातम्या, भजन, क्रिकेट. नगरसेवकाच्या वाढदिवसालाही मी इतकं करत नाही.

ज्योत्स्ना : आणि कार्टूनला.

हितेंद्र : बठ्ठ्या म्हटल्यावर तेही आलंच. पण कार्टून बघतं कोण तुमच्याकडे? ऋतिका तर पुण्याला शिकते.

ज्योत्स्ना : आई बघतात.

हितेंद्र : इंदिराअक्का? कार्टून?

ज्योत्स्ना : खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून पलंगावरच आहेत. दवाखान्यातून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी आबा गेल्याचा फोन आला. छाती आधीच कमजोर. डॉक्टर म्हणाले, टाके निघेपर्यंत धक्का नको. मग यांनी ठरवलं, आईला सांगायचं नाही. पिंपळनेरला जाऊन अग्नीला उभे राहून आले, आईला सांगितलं ऑफिसच्या कामाने गेलो होतो, आणि निघाले जळगावला ड्युटीवर. ठरवायचं त्यांनी, निभवायचं मी.

हितेंद्र : नवलदादा काही बोलला नाही मला. म्हणजे अक्कांना अजून माहीतच नाही?

ज्योत्स्ना : कसं सांगणार? तुमचं लोकल चॅनेल लावलं तर आबांचा हार घातलेला फोटो. मालिका लावली तर तिच्यात रोज कोणीतरी मरतं. फिरवत फिरवत ते कार्टूनचं लागलं. म्हटलं, इथे काही धोका नाही.

हितेंद्र : तिथे दिवसभर जुनंच लावतात. हत्ती आणि डास.

ज्योत्स्ना : तेच. हत्ती झोपायला बघतो आणि डास कानाशी बिगुल वाजवतो. सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

हितेंद्र : अहो, आमच्या अण्णांनी गल्लीत केबल ओढली तेव्हापासूनचा आहे तो हत्ती. शाळा बुडवून बघायचो. आता त्याचा रंग पार उडालाय, पांढरा दिसतो. नवं बघणारी पोरं मोबाईलवर गेली. आमच्याकडे हत्ती राहिला.

ज्योत्स्ना : आई हसायच्या हो. पोट धरून. टाके ताणतील म्हणून मी रागवायची, आणि मनात म्हणायची, हसू दे. मला तर तो हत्तीच आपला वाटतो. जरा पाठ टेकली की बिगुल. 'ज्योत्स्ना, झिपरूले फोन लाव.' रोज दिवेलागणीला. आबा झोपलेत. आबा वावरात गेलेत. आबांच्या फोनला रेंज नाही. कारणं संपली माझी.

हितेंद्र : मी आत्ता जाऊन पट्टी काढतो. त्यात काय? अक्कांना वाचता येतं का?

ज्योत्स्ना : चौथीपर्यंत शिकल्यात. अक्षराला अक्षर लावून वाचतात. त्यांचं एक लागेपर्यंत तुमची पट्टी निघून गेलेली असते.

हितेंद्र : मग कशाला घाबरता? वाचलं नसणार.

ज्योत्स्ना : मीही तेच म्हणत होते. सकाळी चहा घेऊन गेले, तर हत्तीच्या पायाखालून आबांचं नाव पळत होतं. मी कप पुढे केला. आईंनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आणि टीव्हीचा आवाज बंद होता, भाऊ. मी नव्हता केला.

इंदिराबाई : बाहेर कोन बोली राह्यनं वं? हितेंद्र शे का? आठे ये, दादा.

ज्योत्स्ना : झालं. चला. बॉक्स बघायला आलात एवढंच म्हणा.

(दोघे आतल्या खोलीत येतात. टीव्हीवर हत्ती उशी शोधतो आहे. आवाज नाही.)

हितेंद्र : राम राम, अक्का. बॉक्स बघायला आलो होतो.

इंदिराबाई : बॉक्सले काय धाड व्हयनी? बस. ती खालनी पट्टी तूच सोडस ना?

हितेंद्र : मी म्हणजे... कंपनीची असते. रिचार्ज करा, पैसे भरा, असलं काहीतरी.

इंदिराबाई : रिचार्जमा पिंपळनेर कसाले यी?

हितेंद्र : वहिनी, जरा रिमोट द्या बरं.

इंदिराबाई : रिमोट मनाजोडे शे. उशीखाल. मी देत नही.

ज्योत्स्ना : आई, गोळीची वेळ झाली.

इंदिराबाई : गोळी कोठे पयी जात नही. तू बी बस. सकायपासून उभी शे.

ज्योत्स्ना : मला बसवत नाही, आई.

इंदिराबाई : मंग उभी राह्य, पन आयक. काल पह्यले 'पिंपळनेर' वाचं. बरं वाटनं. माहेरनं नाव टीव्हीवर. मंग हत्ती परत झोपना, परत पट्टी वनी. तधय 'झिपरू' लागनं. माले वाटनं, हाऊ येडा निवडणुकीले उभा राह्यना. ह्या वयमा. म्हनीसन तुम्ही माले फोन लावी देत नही, म्हातारी वरडी म्हनीसन.

हितेंद्र : अक्का...

इंदिराबाई : हसनू मी. काल हत्तीले नही, भाऊले हसनू. आज सकाये मधलं अक्षर धरं. पिंपळनेर आन झिपरू, त्याना मधमा एकच अक्षर व्हतं, बारीक. ते लागत नव्हतं. लागनं. 'कै.'

ज्योत्स्ना : आई.

इंदिराबाई : मना बापना फोटोखाल तेच लिखेल शे. माले कोनी शिकाडाले नको.

हितेंद्र : माझं चुकलं, अक्का. मी मानाने लावायला गेलो. आता जातो आणि काढून टाकतो.

इंदिराबाई : काढू नको. पुढलं वाचनं बाकी शे. गंधमुक्ती कधय शे ते तठे व्हई. आकडा लवकर पयतस, सापडत नहीत.

ज्योत्स्ना : मी सांगते ना.

इंदिराबाई : तू? तू तं परवा सांगं, झिपरू वावरमा गया.

ज्योत्स्ना : मग काय सांगणार होते? यांनी बजावलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रेमराजसुद्धा फोनवर म्हणाला, आत्याला सांभाळा. सगळ्यांनी मलाच बजावलं. आणि तुम्ही रोज मलाच विचारत होतात.

इंदिराबाई : नवलले वाटस, माय काचनी शे.

ज्योत्स्ना : त्यांना भीती वाटली. मलाही वाटली.

इंदिराबाई : आन तुम्ही माले हत्ती दाखाडा! मना भाऊ तठे जयना, आन मी आठे पलंगवर पोट धरीसन हसी राह्यनू. सुतकमा शिरा खाधा मी. डोकावर पानी नही लिधं. पिंपळनेरना लोके काय म्हनतीन? बहीन कोठे व्हती? कार्टून देखत व्हती.

ज्योत्स्ना : कोणी असं म्हणणार नाही.

इंदिराबाई : मी म्हनस ना. मी सोताले म्हनस.

ज्योत्स्ना : शिरा मी केला होता. तुम्ही नको म्हणत होतात, मी भरवला. पाप असेल तर ते माझ्या नावावर.

इंदिराबाई : तू बी तं मनाजोडे बसीसन हसत व्हती.

ज्योत्स्ना : मी हसत नव्हते, आई. तुम्ही हसलात की हसल्यासारखं करायची आणि ताट उचलायच्या निमित्ताने बाहेर जायची. ऋतिकाच्या वेळेला मला दवाखान्यात कोणी रक्त द्यायला नव्हतं, तेव्हा आबा पिंपळनेरहून ट्रकमध्ये बसून आले होते. मलाही रडायचं होतं त्यांच्यासाठी. मोरीत रडले तर डोळे लाल दिसतात, तुम्ही विचारता. ओट्यावर रडले तर गल्ली विचारते. घरात रडायला जागाच नव्हती.

हितेंद्र : अक्का, गंधमुक्ती परवा आहे. सकाळी, आबांच्या राहत्या घरी.

इंदिराबाई : परवा. माले गाडीमा घालीसन लई जाशात का?

ज्योत्स्ना : साक्रीच्या पुढचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. नेलं आणि काही झालं, तर मी कोणाला तोंड दाखवू? नाही नेता यायचं, आई. एवढं तरी मला खरं बोलू द्या.

इंदिराबाई : हं. बरं. खरं बोलनी, तं आयकनं पडी.

ज्योत्स्ना : पाणी तापवते. आता डोक्यावरून घालते. परवाही त्याच वेळेला घालू, मग आपण इथे गंध लावू.

हितेंद्र : मी प्रेमराजला कळवतो, अक्कांना समजलं म्हणून. नवलदादालाही सांगू का?

ज्योत्स्ना : त्यांना मी सांगते. आता तेही मीच.

हितेंद्र : मग पट्टी? ठेवू की काढू?

इंदिराबाई : राहू दे परवापावत. तू मानमा लावी, मानमा राहू दे. पन जरा दमधीर सोड, दादा. म्हातारा मानूसनं नाव शे. इतलं पयाडू नको.

हितेंद्र : हळू सोडतो. बठ्ठ्या धुळ्यात हळूच जाईल. येतो, वहिनी.

ज्योत्स्ना : या. आणि भाऊ, फोनवर मी जरा ओरडून बोलले.

हितेंद्र : ते राहू द्या हो.

इंदिराबाई : गया का तो?

ज्योत्स्ना : गेला. पाणी ठेवते, थांबा.

इंदिराबाई : पानी मंग ठेव. दार लोट, आन आठे बस मनाजोडे. पह्यले तू रडी ले, पोरी. माले टाका दुखतस. मी हयूहयू रडसू.