सत्तावन्नावं पान

…आणि वाचायला मीच कशाला पायजे हुते, सांगा बरं! तुमाला सांगते, आमच्या तासगावच्या बायकांच्या वाचक मंडळात सातवी शिकलेल्या चौघी हायत, पर त्या गुरुवारी पुस्तक दिलं कुणाच्या हातात? माझ्या! पुस्तक तरी कुठलं? आमच्याच काशीच्या सहलीवर कृष्णात मास्तरांनी लिहिलेलं, लय हसवायचं! बायका पोट धरून हसत्यात, आणि माझा जीव सत्तावन्नाव्या पानात!

तिथं काय हाय? आवं, मीच हाय!

लढाईतनं ह्ये सुखरूप परत आले म्हणून आमच्या सासूबाई राहीबाई, मी आत्याबाई म्हणते त्यांना, त्यांचा नवस… काशीचा देव दिसंपातुर बाहेरचा घास तोंडात घालायचा न्हाई. घरनं कडक भाकरीचं गठुडं घेतलेलं. चार दिवस मी बी गप चावल्या. पाचव्या दिवशी गठुडं रिकामं! आत्याबाई म्हणाल्या, "मला भूक न्हाई." पर मला हाय की हो! मग काय… जबलपूरच्या स्टँडवर, गाडीच्या मागं, पदराआड, गरम भजी! तेवढ्यात मास्तर आले. हात जोडून म्हटलं, "आत्याबाईंना सांगू नका." न्हाई सांगितलं मास्तरांनी. छापलं!

आणि त्या गुरुवारी आत्याबाई नेमक्या पुढ्यात मांडी घालून! वाचता येत न्हाई, पर कान कसे… घारीचे डोळे बरे!

पन्नास झालं, पंचावन्न झालं, माझा जीव सत्तावन्नाव्या पानात! छप्पन्न संपलं आणि मी सत्तावन्न न वाचताच पान उलटलं. तर लायब्ररीत कामाला असलेली चंदनबाला, पुस्तक आधीच वाचून बसलेली, एक ओळ सोडील तर शपथ! "वैनी, भज्याचं पान ऱ्हायलं की वो!"

"कसली भजी गं?" आत्याबाई म्हणाल्या. "वाच की."

पळू का मरू? वाचलं. खाली मान घालून, धाडधाड, 'सांगू नका'सकट. लेकाच्या जिवाचा नवस हो… माझ्या डोळ्याला धार. "आत्याबाई, चुकलं! मोडला मी नवस!"

"नवस कुणाचा?"

"…तुमचा."

"मग तुला कुणी बांधली हुती? देवापुढं तुझं नाव घेतलं मी?"

"न्हाई… पर तुमी भाकरी खाताय म्हटल्यावर मी बी…"

"आगं बये!" आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "त्या माझ्या एकटीपुरत्या हुत्या! तूच बसलीस खात! सुनंच्या तोंडचा घास कसा काढू म्हणून गप ऱ्हायले… दोन दिवस पाण्यावर काढले की गं मी!"

मंडळ असं हसलं असं हसलं, मास्तरांच्या आख्ख्या पुस्तकाला तेवढं हसलं नव्हतं.

औंदा आत्याबाईंनी पुन्ना नवस बोललाय, तुळजापूरचा. देवीला काय म्हणाल्या ठावं हाय? "आई, लेकराबाळांना सांभाळ. मी येते. सुनंला घरी ठिवून येते."