आयेचा पिक्चर

मी उत्तनची. जन्म इथंच, लगीन पण इथंच, चार घरं सोडून पलीकडं दिलं मला, त्यामुळं माहेरची आठवण येते म्हणायला कदी तोंडच राहिलं न्हाय. बापूस माझा तांडेल व्हता, म्हंजे होडीवरचा मुख्य, सुकाणू त्याच्या हातात. आये पाटी घेऊन भायंदरच्या बाजारात बसायची. मंजुळा नाव माझं, पण गावात मंजुळेच म्हणतात. आता तुमी पिक्चरचं इचारायला आलात, सूनबाईनं तुमाला सांगून ठेवलंय म्हणे, की आमच्या सासूबाई पिक्चरवर बोलायला लागल्या की थांबत न्हाईत, तुमी एकदा ऐकाच. बोलते ना, मला काय. पण मी कुटून कुटं जाते, ते तुमी सांभाळून घ्या.

आमचं बघायचं असं असतं. सकाळी बोंबील आले की धुवायचे, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूच्या वलांडीवर टांगायचे वाळायला. टांगून झाले की मंग काम काय, तर राखण. कावळे, मांजरी, घारी, सगळ्यांना आमचेच बोंबील पायजेत. म्हणून दुपारी वलांडीच्या खाली सावलीत चटई टाकायची, मिठाचा डबा समोर ठेवायचा, त्याला मोबाइल टेकवायचा आणि पिक्चर लावायचा. एका हातात काठी. फिलू येते शेजारची, फिलोमिना, लहानपणापासनंची माझी. आमचा म्हातारा पण येतो, पण तो बघत न्हाय, तो आमच्याकडं पाठ करून झोपतो आणि झोपेतनं मधीच बोलतो, की अगो बंद करा तो गोंगाट, सगळे पिक्चर सारकेच.

वारा असा येतो ना खाडीकडनं, काय सांगू तुमाला, डोळा लागतोच. मी अर्धा पिक्चर बघते आणि अर्धा झोपेत बघते. मंग संध्याकाळी सुनेला सांगायला बसते, की शेवटी ती बाई पांढऱ्या घोड्यावरनं पाण्यात गेली आणि पाण्याखाली तिचं घर व्हतं, तर ती हसते, म्हणते आई, त्या पिक्चरमध्ये घोडाच नाहीये, तुम्ही झोपला होतात. प्राजक्ता नाव तिचं, रत्नागिरीकडची पोर, बोलते एकदम साफ. आता घोडा न्हाय तर न्हाय, माझा शेवट त्याच्यापेक्षा बरा व्हता असं फिलू पण म्हणते.

ही प्राजक्ता मीरा रोडच्या मॉलमधी कामाला हाय, तिथल्या थेटरात मक्याच्या लाह्या विकायच्या काउंटरला. तिला कदीकदी पास मिळतो, मंग मला घेऊन जाते. मागच्या महिन्यात नेली व्हती. अगं बाई, काय ती खुर्ची! बटण दाबलं की पाय वर. आवाज येवढा, की छातीत धडधड, हिरो एकटा पन्नास जणांना मारतो आणि केस पण इस्कटत न्हाईत. आणि सगळा अंधार. घरात लाईट असून लावत न्हाईत ती माणसं. आई आजारी, तरी अंधार. लगीन ठरलं, तरी अंधार. मी प्राजक्ताला म्हटलं, अगो त्यांना सांग, बटण दाबा म्हणावं एक. पण गारवा छान व्हता, झोप झकास लागली.

असं न्हाय की मला नवीन आवडत न्हाय. एक मराठी बघितला आत्ताच, त्यात कायच व्हत न्हाय. एक बाई हाय, ती भांडी घासते, खिडकीत उभी ऱ्हाते, कोन तरी येईल म्हणून बघते, कोन येत न्हाय, परत भांडी घासते. फिलू उठून गेली, म्हणाली माझ्या घरची भांडी पडलीत ती काय कमी हायत. पण मला लई आवडला तो. आमच्या ओट्यावर बसल्यासारकं वाटलं. वाट बघणं खरं तसंच असतं, त्याला गाणं नसतं मागं.

आणि जुने पिक्चर म्हंजे फिलूचा जीव की प्राण. त्यातली आई आणि पोरगा जत्रेत चुकतात, मंग पोरगा मोठा चोर न्हायतर मोठा पोलीस, आणि शेवटी घरातलं एक गाणं असतं ते गायलं की सगळे ओळखतात एकमेकांना. फिलू पदरात तोंड घालून रडते. मी म्हणते, कोणाच्या घरात असतं गं असं गाणं? आमच्या घरात गाणं न्हाय, भांडणं व्हती. आणि आई आपल्या पोराला ओळखत न्हाय, हातावरचा तीळ बघून ओळखते, हे काय ओळखणं झालं? मी लई चेष्टा करायची त्याची. आणि कोळणींचं गाणं असलं की मंग तर माझं डोकंच फिरतं. रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन नाचतात! एक पाटी दाखवा मला त्यात मासळी असलेली.

पण मी ते कोळणींचे सगळे बघते. एक सोडत न्हाय. समुद्राचा पिक्चर असला, की मी डोळ्याला पाणी लावून जागी ऱ्हाते. का, ते आता सांगते तुमाला.

माझी आये गेली तेव्हा मी लहान व्हते, परकर नेसायला नुकतीच लागलेली. तापात गेली. तिचा फोटो न्हाय. एक पण न्हाय. तेव्हा कोन काढायचं फोटो? बापूसचा मागनं कसल्या तरी कार्डासाठी काढला, तोच मोठा करून भिंतीवर हाय. त्याच्या बाजूला बापूसनंच तेव्हा अजून एक खिळा ठोकून ठेवला व्हता, म्हणाला तुझ्या आयेचा कुटं मिळाला तर लागेल. तो खिळा तसाच. रंग लावला भिंतीला कितीदा, खिळा काढू दिला न्हाय मी. आणि सगळ्यात वाईट काय हाय सांगू, मला तिचं तोंड आठवत न्हाय. आवाज आठवतो, लुगड्याचा वास आठवतो, बाजारातनं आली की पाटी उतरवताना हुश्श करायची ते आठवतं. तोंड पुसलं गेलं. आपल्याच आयेचं तोंड आठवू नये, ह्याची लई लाज वाटते मला, कोणाला सांगत न्हाय मी हे.

तर मी सहा-सात वर्सांची असताना आमच्या किनाऱ्यावर शूटिंग आलं व्हतं. गाडी वाळूत रुतली, बाप्यांनी ढकलली, सगळा गाव गोळा. एक हिरवीण छत्रीखाली बसलेली, तिला उनाचा त्रास. त्यांच्या मोठ्या साहेबाला खऱ्या कोळणी पायजे व्हत्या, मागं चालायला. आयेला घेतलं. आणि पुढं पोरं उभी केली, त्यात मी. मला चांगला फ्रॉक नव्हता, तर फिलूचा नाताळचा फ्रॉक मागून आणला, गुलाबी, मोठी झालर असलेला, आणि फिलूला ताप व्हता म्हणून तिला घरात ठेवली, त्याचा राग तिला अजून हाय. साहेबानं सांगितलं, की सगळ्यांनी इकडं मशीनकडं बघायचं आणि हसायचं. मी बघत ऱ्हायले. डोळे भरून आले तरी पापणी हलवली न्हाय. साहेब मधीच ओरडायला लागला, परत करा म्हणाला, परत ओरडला, शेवटी कपाळाला हात लावून बसला. तो का ओरडतोय, ते मला काय कळलं न्हाय, मी आपली समोर बघतेय. मागं आये हसत व्हती, ते ऐकू येत व्हतं.

आणि गंमत बघा, ते लोक गेले, गाव महिनाभर तेच बोलत व्हता, पण पिक्चरचं नाव काय, ते इचारायचं एकाच्या पण डोक्यात आलं न्हाय! आमाला वाटलं, पिक्चर म्हंजे पिक्चर, येईल गावात कदी तरी. आला न्हाय.

म्हणून मी शोधते. सुनेनं मोबाइल दिला तेव्हापासनं. माझ्या मनात एकच, की आये मशीनकडं बघून हसतेय, ते कुटं तरी हाय, एकदा बघायचं. आता डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय, त्याच्या आदी बघायचं. म्हाताऱ्याला मी कदी हे सांगितलं न्हाय. त्याला वाटायचं, म्हातारपणी येड लागलंय हिला पिक्चरचं.

मंग ह्या थंडीत, एका दुपारी, वलांडी भरलेली, ऊन कसं मऊ, बोंबलांची सावली आमच्या अंगावर हलतेय, आणि मोबाइलवर एक जुना चालू. साधाच पिक्चर, हिरवीण रुसते, हिरो झाडामागनं गातो, फिलूला पण कंटाळा आलेला. मी डुलकी घेतेय. मधी समुद्र आला, आणि झोपेतच मला वाटलं, हा वारा त्या पिक्चरमधनंच येतोय. तेवढ्यात म्हातारा उठून बसला! झोपलेला माणूस. बोट दाखवतो मोबाइलकडं आणि म्हणतो, अगो मंजुळे, ती तुझ्या बापाची होडी! ते शीड बघ, ते काळं ठिगळ बघ, आमी पोरं हसायचो त्या ठिगळाला!

मी बघते तर हिरवीण छत्री घेऊन पुढं, आणि तिच्या मागं पोरं उभी. फिलू किंचाळली, अगो माझा फ्रॉक! माझा फ्रॉक हाय तो, अजून परत दिला न्हाय तू! आणि त्या फ्रॉकात मी. डोळे फाडून समोर बघतेय, जशी काय कोन मारणार हाय मला.

आणि माझ्या मागं सगळ्या कोळणी. पाठमोऱ्या.

एकीचं पण तोंड न्हाय. सगळ्या समुद्राकडं वळलेल्या. काय झालं ते तेव्हा मला कळलं. साहेबानं हसा म्हटलं आणि त्याच वक्ताला होड्या टोकावरनं वळून आत आल्या. आता होड्या येताना दिसल्या तर कोळीण मशीनकडं बघंल का? आदी शिडं मोजणार, आपली हाय का बघणार. आये तर वाटेत कोणाशी बोलत असली आणि होडी दिसली, की बोलणं तिथंच, तोंड तिकडं. म्हणून साहेब ओरडत व्हता. आणि बापूसचं शीड दिसलं, म्हणून आये हसत व्हती. ते हसू मशीनसाठी नव्हतंच.

एवढ्या वर्सांनी सापडली आणि पाठ दाखवून उभी. मला रडूच फुटलं. म्हाताऱ्याला म्हटलं, ह्यातली माझी आये कंची, ते पण मला सांगता येत न्हाय. सगळ्यांची लुगडी सारकी, सगळ्यांच्या पाट्या सारक्या. तो म्हणाला, परत लाव.

संध्याकाळी प्राजक्ता आली, तिनं घरातल्या टीव्हीवर मोठं करून लावलं, हळूहळू. आणि तेव्हा दिसलं. मागनं एक हात येतो. ती बाई वळत न्हाय, तिची नजर समुद्रावरच, पण हात मागं येतो, फ्रॉकवाल्या पोरीचं डोकं चाचपतो, धरतो, आणि तिकडं वळवतो. बघ म्हणून. बापूस आला, बघ. आणि ती पोर वळते, मी वळले व्हते हे मलाच आठवत नव्हतं, आणि संपलं, परत हिरवीण आली.

मी तिळावरनं ओळखणाऱ्यांना हसायची ना? मी डोक्यावरच्या हातावरनं ओळखलं. टीव्हीत ती पोर वळली आणि इथं माझी मान वळली, खरं सांगते. तो हात मी कशी इसरेन, तेल लावायला तोच, फटका मारायला तोच. म्हाताऱ्यानं बघितलं, फिलूनं बघितलं, सुनेनं बघितलं, म्हणून मी म्हणते की हे माझ्या झोपेतलं न्हाय. घोडा माझा व्हता, आये खरी हाय.

प्राजक्तानं त्याचा फोटो काढून आणला, मोठा, आणि त्या खिळ्याला लावलाय. बघा ना, तो तुमच्या मागं. लोक येतात आणि म्हणतात, भिंतीवर कोन पाठ लावतं गं? लावतं म्हणावं. तोंड मला अजून आठवलेलं न्हाय, आणि आता आठवेल असं वाटत पण न्हाय, तर असू दे. तो पिक्चर कसा हाय इचाराल, तर एकदम बेकार. गाणी रडकी, हिरो लाकडासारका. पण मी रोज दुपारी तेवढाच लावते. वारा येतो, डोळा लागतो, आणि झोपेत मी तिच्या मागं उभी असते, तिचा पदर धरून, आणि वाट बघते की वळेल आता. वळत न्हाय. पयलं वाईट वाटायचं, आता न्हाय वाटत. तिचा माणूस घरी येतोय, ती कशाला वळेल?

उठा आता, ऊन उतरलं, बोंबील काढायला हवेत. दोन बोंबील घेऊन जा घरी, लाजू नका. आणि तुमची वाट बघणारं जे कोन असेल, त्याला आज तुमी उजेडातच दिसा.