पानिपतचं बिरडं

हसू नका, पण पानिपत मी एकदा जिंकतच आणलं होतं! ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट, घाटकोपरच्या आमच्या खोलीतली. एकट्यानेच लढाया खेळायचं खूळ होतं मला. दोन्ही बाजूंनी मीच, निकाल सापशिडीच्या फाशाचा. एका रविवारी म्हटलं, पानिपत आजच्या काळात आणू. मराठ्यांना रणगाडे दिले, म्हणजे काड्यापेट्या. मराठे आमच्या डब्यातल्या कडव्या वालांचे, अफगाण शेजारच्या पंजाबी काकूंकडून आणलेल्या राजम्याचे.

दुपारपर्यंत अफगाणांची पार वाट लागली. शेवटचा हल्ला बाकी ठेवून आंघोळीला गेलो. आलो तर राजमा जागच्या जागी, आणि मराठे गायब!

"आई, वाल कुठायत?"

"भिजत घातले. परवा बिरडं करते."

"अगं, जिंकत होते ते! राजमा घ्यायचास ना!"

"आपल्याकडे राजमा कोण खातो रे?"

दोन दिवसांनी ताटात बिरडं आलं. मी तोंड फुगवून बसलो.

आई म्हणाली, "मराठे उपाशी लढले म्हणून हरले, असं तूच सांगतोस ना? मग तू आधी जेव, नंतर लढ."

काय सांगू यार, मराठ्यांची अख्खी फौज मी एकट्याने संपवली.