गावठाण फीडर चालू न केल्याबाबत

पोलीस स्टेशन धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा
दि. १२ जून, सकाळी ११.१५

मी, सौ. महामाया संघपाल हिवाळे, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी (वीज उपकेंद्रात यंत्रचालक), रा. कोळदरी, ता. मोताळा. आज स्वतः पोलीस स्टेशनला हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते तो असा की,

मी वरील ठिकाणी पती, सासू व सासरे यांच्यासह राहते. पती संघपाल हे चिखली येथे शिक्षक असून शनिवारी घरी येतात. सासरे भाऊराव, वय ७२, यांनी जिनिंगमध्ये चाळीस वर्षे काम केले. कापसाच्या धुळीने त्यांचे फुप्फुस गेले होते. दोन वर्षांपासून त्यांना घरी ऑक्सिजनचे मशीन लावलेले होते. वीज गेली तर अडचण नको म्हणून एक सिलिंडर उशाशी ठेवलेला असे. तो सव्वादोन तास पुरतो, हे मला पाठ होते. आमचे घर गावठाण फीडरवर आहे.

कोळदरी उपकेंद्रातून दोन फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, निघतात, एक शेतीचा व एक गावठाणाचा. दि. ९ जून रोजी सकाळी सात ते तीन अशी माझी ड्युटी होती. मी एकटीच होते. ११.२० वाजता संपूर्ण वीज गेली. फोनवरून कळले की बिघाड आमचा नसून अर्ध्या राज्याची वीज गेली आहे.

येथे एक रीत सांगणे जरूर आहे. लाइनवर चढण्याआधी लाइनमनने लेखी परमिट घ्यावे असा नियम आहे. त्यासाठी साहेबांची मंजुरी लागते, अर्धा दिवस जातो आणि लोक शिव्या देतात ते वेगळेच. म्हणून धोक्याची कामे मोठी वीज जाण्यासाठी राखून ठेवतात. पूर्वी अशी वीज गेली की कोळशाचे केंद्र पुन्हा सुरू व्हायला सहा ते नऊ तास लागत. लाइनमन त्याला फुकटचे परमिट म्हणतात. ज्या फीडरवर चढायचे त्याच्या खटक्याला तो आपला शेला बांधून जातो. तो स्वतः येऊन शेला सोडेपर्यंत यंत्रचालक त्या खटक्याला हात लावत नाही. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, पण माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत ते कोणी मोडलेले मी पाहिले नाही.

११.३० वाजता लाइनमन निवृत्ती इंगळे आले. नाल्याजवळच्या खांबावरचा फुटका इन्सुलेटर बदलायचा आहे म्हणाले आणि त्यांनी गावठाण फीडरला शेला बांधला. मी त्यांना म्हणाले, "निवृत्तीभाऊ, आता ते समुद्रातल्या पवनचक्क्यांचं सुरू झालं. लाइट लवकर येऊ शकते." मे महिन्यात चिखलीला त्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले होते. मी गेले होते. लाइनमन लोकांना बोलावलेच नव्हते. गुजरातकडच्या समुद्रातल्या पवनचक्क्या बाहेरची वीज न घेता आपल्या आपण सुरू होतात, मग त्यांच्या विजेवर बाकीची केंद्रे उठवतात, असे तेथे सांगितले होते.

निवृत्ती हसले. म्हणाले, "ताई, समुद्रातली लाइट मोताळ्याले येईपर्यंत माह्या पोराचं लगन व्हऊन जाईन." मीही हसले. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. मी परमिट लिहून घेतले नाही, ही माझी चूक आहे.

१२.०४ वाजता नियंत्रण केंद्राचा फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी आपले नाव नीरजा एवढेच सांगितले. समुद्राकडची वीज आमच्या उपकेंद्रापर्यंत आली असून दहा मिनिटांत ठरलेला भार घ्या, म्हणजे तेवढी वीज खाली वापराला सोडा, असे त्या म्हणाल्या. भार घेतला नाही तर लाइन टिकत नाही, म्हणून ती दुसऱ्या भागाला देतात. रेशनच्या रांगेसारखे आहे, नंबर गेला की पुन्हा शेवटी. मी ताबडतोब शेतीचा फीडर चालू केला. पण विहिरी आटलेल्या, मोटारी बंद, त्यावर भार काहीच आला नाही. त्यांनी गावठाण चालू करण्यास सांगितले.

आमच्यात झालेले बोलणे मला आठवते ते असे.

"गावठाणावर माणूस आहे, मॅडम."

"परमिट नंबर सांगा."

"परमिट नाही. शेला बांधलेला आहे."

"काय बांधलेलं आहे?"

"शेला. खांद्यावरचा."

त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर जी नोंद आहे त्यात तुमची लाइन मोकळी आहे. चालू करा, नाहीतर नकार दिला असं मला लिहावं लागेल." मी वेळ मागून घेतला. त्यांनी वीस मिनिटे दिली. त्यांना दोष देण्यासारखे काही नाही, त्यांनी दहाची वीस केली.

निवृत्तींचा मोबाइल लागला नाही, टॉवर बंद होता; उपकेंद्रातला फोन तेवढा वीज कंपनीच्या स्वतःच्या तारेवर चालतो. रस्त्याने किराणा दुकानदार वैजनाथ मोटरसायकलवर चालले होते, त्यांना मी नाल्याकडे पिटाळले. ते परत येऊन म्हणाले, "खांबावर तं कोनी दिसून नाही राह्यलं. पन शिडी लावेल हाय अन् सामान तठीच हाय." शिडी आहे म्हणजे माणूस जवळपास आहे. पुढच्या खांबावर चढला असेल, तारेला हात लावून असेल. मी त्यांना पुन्हा पाठविले; दुसरा फोन येईपर्यंत ते परतले नव्हते.

१२.१७ वाजता सासूबाई तानाबाई, वय ६६, उन्हात चालत उपकेंद्राच्या फाटकाशी आल्या. म्हणाल्या, "माय, लाइट कवा येते वं? नळकांड्याचा काटा उतरून राह्यला. त्यायले घाबरल्यावानी होते." मी खिडकीतून म्हणाले, "येईल आई, वरूनच आलेली नाही अजून. तुम्ही घरी जा, त्यांच्याजवळ बसा." त्या गेल्या. त्यांनी मला दुसऱ्यांदा विचारले नाही, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास आहे.

१२.२४ वाजता पुन्हा फोन आला. मी गावठाण चालू करण्यास नकार दिला. १२.२५ वाजता आमची लाइन काढून दुसऱ्या भागाला देण्यात आली. नोंदवहीत तशी वेळ मी स्वतः लिहिली आहे.

१.१० वाजता निवृत्ती इंगळे उपकेंद्रात आले. तोंडात सुपारी होती. ते ११.५५ लाच काम संपवून खाली उतरले होते आणि शिडी-सामान तिथेच ठेवून शेजारच्या वस्तीवर बहिणीकडे जेवायला गेले होते. मी विचारले, "शेला सोडायला काऊन नाही आले, भाऊ?" ते म्हणाले, "मोठी लाइट गेल्ती ना ताई, सांजलोक कायची येते म्हून." मला त्यांच्या कानाखाली मारावी वाटली. मी मारली नाही. ते जिवंत आहेत हे पाहून बरेही वाटले. दोन्ही एकाच वेळी वाटले.

१.३५ च्या सुमारास सिलिंडर संपला. शेजारी रवी यांनी जीप काढून सासऱ्यांना मोताळ्याकडे नेले. मला निरोप मिळाला तेव्हा ड्युटी सोडता येत नव्हती. २.०५ वाजता रस्त्यात, सासूबाईंच्या मांडीवर, सासरे मयत झाले. कोळदरीची वीज ३.४० वाजता आली. पुढच्या पाळीचा यंत्रचालक पोहोचला नव्हता, म्हणून ती मीच चालू केली.

सासऱ्यांच्या मृत्यूबाबत माझा कोणावर संशय नाही. निवृत्ती इंगळे यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. ते मातीला आले होते आणि सर्वांच्या मागे उभे होते. हुकूम मोडल्याबद्दल कंपनीने मला नोटीस दिली आहे, तिचे उत्तर मी वेगळे देईन. पतींनी मला एकदाच विचारले, "तुले मालूम होतं, घरी सिलिंडर किती पुरते?" मी हो म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

आपण विचारले की पुन्हा तशीच वेळ आली तर काय कराल. खांबावर माणूस नाही हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी खटका दाबणार नाही.

सासूबाईंना फक्त एवढेच माहीत आहे की वीज वरूनच आली नव्हती. त्या शेजारणींना तेच सांगतात, माझ्या सुनेच्या हाती असती तर तिने दिली असती.

माझा जबाब संगणकावर टंकलिखित करून मला वाचून दाखविण्यात आला. सासूबाई माझ्यासोबत आल्या असून दाराबाहेर बाकावर बसल्या आहेत, म्हणून तो हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली व त्याप्रमाणे वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/- महामाया संघपाल हिवाळे