जैसे थे

घराच्या वाटणीवरून एकमेकांविरुद्ध उभे असलेले बहीण-भाऊ सुनावणी आटोपून कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसले.

"ताई, साहेब 'स्टेटस को' म्हणाले. म्हणजे काय गं?"

"तुझ्या वकिलांना विचार."

"अडलेला शब्द मी लहानपणापासून तुलाच विचारतो."

"जैसे थे."

"म्हणजे आई होती तेव्हा होतं तसं?"

"नाही रे. आज आहे तसं. निकाल लागेपर्यंत कुणी काही बदलायचं नाही."

"आज तर स्वयंपाकघराला तुझं कुलूप आहे आणि आईच्या खोलीला माझं."

"तशीच राहतील."

"मी माझं काढलं तर?"

"कोर्टाचा अवमान होईल."

"काढावंसं वाटतंय गं."

"हे आत जाण्याआधी बोलला असतास, तर माझी चावी पर्समध्येच होती रे."