काट्याचं पार्टिशन

मुनिअप्पा : मी खिडकीतूनच बोलतो, आत येत नाही. अकानिसी, कारखान्याचा काटा का थांबलाय? सकाळपासून माझा ऊस उन्हात वाळतोय.

अकानिसी : थांबला नाही, गौंडरकाका. एकेका लॉरीच्या वजनाला पंधरा मिनिटं लागताहेत. सर्व्हरच दमलाय.

मुनिअप्पा : दमतोय कसला! आठ प्रोसेसर आहेत त्याला. कुणाकडे किती, बघितलंस?

अकानिसी : प्रयोगशाळेच्या पार्टिशनला पाच, काट्याच्या पार्टिशनला तीन.

मुनिअप्पा : मी इथे नोकरीला होतो तेव्हापासूनचे सर्व्हरचे हे वाटे. प्रयोगशाळेत रस तपासायला आलाय का आज?

अकानिसी : वजनच होत नाही तर रस कुठला? रिकामे बसलेत सगळे.

मुनिअप्पा : मग तिकडचे दोन काढ, काट्याला दे.

अकानिसी : चालू मशीनवर? मी एकदाही केलेलं नाही. तुम्हीच करा ना, दार उघडते.

मुनिअप्पा : नको. निवृत्त माणसानं कीबोर्डला हात लावायचा नाही, सुवाच्या मुख्य कचेरीतल्या साहेबांनी लेखी दिलंय. मी सांगतो, तू टाइप कर. आधी काढायची कमांड. मग पार्टिशनचं नाव.

अकानिसी : झालं. एंटर मारू?

मुनिअप्पा : थांब! नाव वाच. मोठ्यानं.

अकानिसी : काका, बाहेर साठ लॉऱ्या उभ्या आहेत...

मुनिअप्पा : वाच म्हणतो ना.

अकानिसी : का... काटा. ओइले! काट्याचेच काढत होते मी!

मुनिअप्पा : तिनाचा एक राहिला असता. खोड ते.

अकानिसी : तुम्हाला तिथून दिसलं?

मुनिअप्पा : चष्मा लॉरीत राहिलाय, मला काय दिसतंय! गेल्या हंगामात मीच असं केलं होतं. काट्याचं पार्टिशन बंद करून चालू करायचं होतं. नाव टाकलं प्रयोगशाळेचं.

अकानिसी : त्या दिवशी? पण तेव्हा तर वीज गेली होती!

मुनिअप्पा : वीज गेली असं वहीत मी लिहिलं. दिवसभराची तपासणी पुसली गेली, शेतकऱ्यांच्या उसाला अंदाजानं उताऱ्याचे आकडे लावले. माझ्या मेव्हण्याचा ऊसही त्यातच होता.

अकानिसी : त्यांना माहीत आहे?

मुनिअप्पा : परवा यांगोना प्यायला बसलो होतो, तेव्हा सांगितलं. वाडगं खाली ठेवलं आणि उठून गेला. बरं, नाव बदललंस का?

अकानिसी : प्रयोगशाळा. प्र-यो-ग-शा-ळा. दोन काढ. एंटर... निघाले. आता काटा, दोन दे. एंटर.

मुनिअप्पा : आता स्थिती बघ.

अकानिसी : प्रयोगशाळा तीन, काटा पाच.

(बाहेर लॉऱ्यांची इंजिनं सुरू होतात.)

अकानिसी : सुटली! पहिली गेली बघा, दुसरी चढलीसुद्धा! काका, वहीत काय लिहू?

मुनिअप्पा : घडलं तसं लिही.

अकानिसी : आधी चुकीचं नाव टाकलं होतं, तेही?

मुनिअप्पा : तेही.

अकानिसी : ...लिहिलं. आणि गेल्या हंगामाचं ते पान? तसंच राहू दे?

मुनिअप्पा : उघड ते पान. आणि वही-पेन दे खिडकीतून.