खाडीकाठची लाल माती

हुशार माणसं बघायची असतील ना, तर माझ्याबरोबर माती तपासायला यायला हवं होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचे साहेब पनवेलच्या शेतकी ऑफिसातून गव्हाणच्या खाडीकाठी निघाले, पायात नवे कोरे बूट. पावसाचे आकडे, उताराचा नकाशा, सगळं जय्यत. शेतात मात्र गुडघाभर चिखल. साहेब बांधावरच थांबले आणि मला म्हणाले, "खड्डा इथंच घे."

शेताची मालकीण हिराबाई म्हणाली, "सायेब, ही माती शेतातली नाय. बांध फुटला तवा आमीच डोंगरावरनं आनून टाकलीय. खाली शेतान खारी माती हाय, तिथं आमचं भातच तगतं."

साहेब हसले. "बाई, आता शास्त्र तुम्ही मला शिकवणार?"

अहवालात आलं: लाल माती, उत्तम निचरा, आंब्याला योग्य. साहेबांच्या हट्टापायी भात बंद झालं आणि शेतात कलमं लागली. दिवाळीपर्यंत सगळी करपली. बाईचं वर्षाचं भात गेलं ते गेलंच. लागवडीतून उरलेली दोन कलमं तिनं बांधावर खोचली होती, तेवढी जगली.

मग साहेब फोटोग्राफर घेऊन पाहणीला आले. त्या दोन कलमांमध्ये उभे राहून मला म्हणतात कसे, "बघ, माझा अहवाल खोटा होता का?"

हिराबाई खालून, चिखलातून म्हणाली, "सायेब, फोटू शेतान उतरून काडा."

साहेबांनी एकदा बुटांकडे पाहिलं आणि फोटोग्राफरला सांगितलं, "नुसती कलमं घे. शेत दिसता कामा नये."